उलटं बोट

संध्याकाळपर्यंत मॅडमच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. वायरिंग शिकवणाऱ्या माणसाला खुर्ची मिळते, बसायला सवड मिळत नाही. पोरं वायर सोलताना निम्मं तांबंही तोडून टाकतात, आणि मॅडम एकेकाच्या खांद्यामागे उभी राहून घसा कोरडा करते. आज तर परीक्षाच होती, आणि शेवटचा परीक्षार्थी म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ.

दादानेच तिला पक्कड धरायला शिकवलं. वडील गेल्यावर तो लोकांच्या घरी वायरिंग करायचा आणि शाळा सुटली की ही त्याची शिडी धरून उभी राहायची. पुढे ती शिकली, मास्तरीण झाली. दादा मात्र कधी कागदाच्या वाटेला गेला नाही. आता नियम आला, प्रमाणपत्र नाही तर काम नाही. ज्या ठेकेदाराकडे उमेदीची वर्षं घातली, त्याने स्पष्टच सांगितलं, पास झालात तर या, नाहीतर पुढच्या महिन्यापासून नका येऊ. मग केस पिकल्यावर दादा पोरासोरांत येऊन बसला आणि भर वर्गात "मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?" म्हणून सगळ्यांना हसवू लागला. घरी गेल्यावर तो गप्प असायचा, हे फक्त तिला माहीत.

त्याने बोर्ड झकास भरला. बाहेरून आलेले परीक्षकही जांभई आवरून पाहत राहिले. गुण तेच देणार होते, मॅडमने फक्त सुरक्षेवर नजर ठेवायची. शेवटचं काम उरलं, मेन बंद करून एक जोडणी उघडायची. मेन बंद केला तरी वायरला आधी टेस्टर लावायचा, मगच हात. हे चुकलं की नापास, बाकी काम कितीही चांगलं असो.

दादाने मेन बंद केला. टेस्टर खिशातच राहिला. त्याने मधलं बोट उलटं करून वायरला हळूच टेकवलं. जुन्या लोकांची ही खोड. झटका बसलाच तर मूठ आवळते, म्हणून उलटं बोट लावायचं, म्हणजे वायर हातात धरली जात नाही. दादानेच तिला हे शिकवलं होतं, आणि पुढे स्वतःच्या अंगातून ते काढताना तिच्या नाकी नऊ आले होते.

वायरीत करंट नव्हता. काही झालं नाही. परीक्षक तेवढ्यात चष्मा पुसत होते.

तिला गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. इतकी दमली होती की गप्प बसणंच सोपं होतं. पण एखाद्या दिवशी दादाही असाच दमलेला असेल, आणि वायरीत करंट असेल.

"सर, यांनी टेस्टर लावला नाही," ती म्हणाली.

फाटकाबाहेर दादा थांबला होता. ती जवळ गेली तरी त्याने मान वर केली नाही.

"पुढची परीक्षा कधी?"

"सहा महिन्यांनी. दादा, त्या बोटाने तू कधीतरी जिवानिशी जाशील रे. मला बघवलं नाही."

"कळतंय गं मला. तुझं बरोबरच आहे." त्याने तिच्या खांद्यावरची जड पिशवी नेहमीसारखी आपल्या खांद्यावर घेतली आणि चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर हळूच म्हणाला, "पण आजच बघायचं होतं का?"