शून्य गोलांचा सत्कार

"गोल किती?" अध्यक्षकाकांनी विचारलं.

"शून्य," मी म्हटलं.

"या वर्षीचे नाही गं. आख्ख्या कारकिर्दीतले सांग."

"आख्ख्या कारकिर्दीतले शून्य. एक आहे, पण तो स्वतःच्याच जाळ्यात मारलेला."

काकांनी पेन खाली ठेवलं. आम्ही बहारिनमधल्या हूरा भागात उडप्याच्या हॉटेलात बसलो होतो आणि समोरचा डोसा गार होत होता. "अगं, मग आपण सत्कार कशाचा करतोय?"

त्या क्षणी मी उठून जायला हवं होतं. उठले नाही, कारण डोसा मीच मागवला होता.

आमच्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला एक पोर्तुगीज बचावपटू प्रमुख पाहुणा म्हणून येणार होता. दोन हंगाम तो मुहर्रकच्या एका क्लबकडून खेळत होता. मी अरादच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तो गुडघा घेऊन आठवड्यातून तीनदा आमच्याकडे यायचा. गुडघ्याबद्दल इथे एवढंच. बाकीचं क्लिनिकच्या फाईलमध्ये आहे आणि तिथेच राहील. ओळख माझी, म्हणून बोलावणं माझ्यामार्फत गेलं, आणि परिचयही मीच लिहायचा असं ठरलं.

सत्कार म्हटला की परिचय आलाच. शाल आणि श्रीफळाच्या आधी तो माईकवरून वाचला जातो, आणि वाचणाऱ्याच्या तोंडून निघेपर्यंत तो वाढतो. गेल्या वर्षी एका बँकेतल्या साध्यासुध्या अधिकाऱ्याला आम्ही 'आखाती अर्थकारणाचे शिल्पकार' करून टाकलं होतं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि नारळ घेऊन घरी गेले. कुणाचं काही बिघडलं नाही.

या वेळी बिघडण्यासारखं होतं. हंगाम संपला की क्लबचा करार संपणार होता आणि करारासोबत व्हिसाही. बुसैतीनमधल्या एका फुटबॉल अकादमीत लहान मुलांच्या प्रशिक्षकाची जागा निघाली होती. ती त्याला हवी होती. त्याची मुलगी नऊ वर्षांची. चार देशांत चार शाळा झाल्या होत्या तिच्या. "पाचवी नको," असं ती म्हणते, एवढंच त्याने मला सांगितलं होतं. अकादमीचे प्रमुख म्हणजे एक वयस्क बहारिनी गृहस्थ, तरुणपणी गोलकीपर. मंडळाच्या मुलांचे सामने त्यांच्याच मैदानावर होतात, म्हणून काकांनी त्यांनाही पहिल्या रांगेत बसायला बोलावलं होतं. "तिथेच भेटू, मग ठरवू," असं प्रमुखांनी बचावपटूला कळवलं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा मूर्खपणा कळणार नाही. माझे वडील मिरजेत सफाई कामगारांची संघटना चालवायचे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यांच्यावरच बसून मी अभ्यास केला. आई म्हणायची, या घरात वरणाला फोडणी नसली तरी चालतं, पण पत्रकाला मथळा हवा. वडिलांचा एक नियम होता: पत्रकात एक वाक्य खोटं गेलं की उरलेली वीस खरी वाक्यं समोरच्याच्या खिशात जातात. तो नियम मी बहारिनला येताना बरोबर आणला. मथळ्यांची खोडही आली.

त्यामुळे परिचय म्हणून मी चार पानं लिहिली. मथळा होता, 'बचावपटू हाही कामगारच!' त्यात भांडवल होतं, दलाल होते, माणसाच्या गुडघ्यावर उभा राहिलेला बाजार होता. मला ती पानं फार आवडली होती. उपचार संपल्यावर मी त्याला ती इंग्रजीतून वाचून दाखवली. तो टेबलावर पाय पसरून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून ऐकत होता.

"डॉक्टर," तो म्हणाला. मी डॉक्टर नाही हे मी त्याला दोन वर्षं सांगत होते. "हा माणूस फार रागावलेला आहे."

"रागवायलाच हवं!"

"हवं असेल. पण हा मी नाही. मी फक्त दमलोय."

"तुला एका देशातून दुसऱ्या देशात फेकत राहिले, तरी तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. भूक लागल्यासारखं वाटतं. तू चार ओळी लिही. कुठे खेळलो, किती वर्षं. आणि एक गोष्ट लिहू नको. मी राष्ट्रीय संघाकडून खेळलो असं लिहू नको."

"ते मी कशाला लिहीन?"

तेव्हा त्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्याच्या दलालाने त्याला न विचारता त्याच्या माहितीपत्रात तसं घातलं होतं. एका थंड देशातल्या क्लबाने ते मोठ्या अक्षरांत जाहीर केलं, तिथल्या पत्रकारांनी दोन दिवसांत खोडून काढलं, आणि खोटारडा ठरला तो. करार रद्द. मुलीची तिसरी शाळा तीच. मी तावातावाने त्याला विचारलं, की त्या दलालावर तू दावा का नाही लावलास? तो म्हणाला, "तेव्हा सामान बांधायचं होतं." अशा माणसाचं काय करायचं? माझी चार पानं मी घडी घालून पिशवीत टाकली आणि चार ओळी लिहिल्या. समुद्रकाठच्या एका मासेमारी गावातून सुरुवात, तिसऱ्या श्रेणीत सहा वर्षं, मग सायप्रस, मग रुमानिया, मग तो थंड देश, मग इथे. गोल: शून्य.

त्या चार ओळी काकांनी हॉटेलात वाचल्या, आणि म्हणून तो गोलांचा प्रश्न आला.

"बचावपटूचं काम गोल अडवण्याचं असतं, काका."

"ते मला कळतं गं. लोकांना कसं कळणार? निदान देशाकडून खेळला असेल ना?"

"नाही."

"असं कसं? पोर्तुगालचा आहे, फुटबॉल खेळतो!"

"तुम्ही महाराष्ट्राचे आहात. तुम्ही कबड्डीत देशाकडून खेळलात?"

काका हसले. ते तसे वाईट नाहीत. इथे तीस वर्षं इंजिनियर आहेत, कुणाचा मृतदेह गावी पाठवायचा असला तर कागदपत्रांसाठी पहिले तेच धावतात. पण माईक हातात आला की त्यांच्यातला हिशेबी इंजिनियर खलास होतो. मी त्यांना दलालाची, रद्द झालेल्या कराराची, मुलीच्या शाळेची सगळी गोष्ट सांगितली. त्याच्या परवानगीने सांगितली. "एक शब्दही वाढवायचा नाही," मी म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला होता. पुढच्या रांगांत पुण्यामुंबईची कुटुंबं, मागे कोकणातले ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, शिफ्ट संपवून थेट आलेले. अकादमीचे प्रमुख पांढऱ्या पायघोळ थोबमध्ये पहिल्या रांगेत. मी स्टेजवर बचावपटूच्या शेजारी, त्याच्या कानात भाषांतर करायला. काका उठले, माझ्या चार ओळी वाचल्या, अगदी नीट वाचल्या, आणि कागद खाली करून समोरच्या गर्दीकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती.

"...आणि मित्रहो, पोर्तुगालच्या नॅशनल टीमचा हा भक्कम आधारस्तंभ आज आपल्यात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अकादमीच्या प्रमुखांना मराठी येत नाही, पण 'नॅशनल टीम' समजायला मराठी लागत नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं. बचावपटूनेही ते दोन शब्द ऐकले होते.

"काय म्हणाला?" त्याने मला विचारलं.

तुझं कौतुक केलं, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. काकांची अब्रू राहिली असती, शाल अंगावर पडली असती, कार्यक्रम पुढे गेला असता. मी त्याला शब्दशः सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "पुन्हा." मग तो उठला. मंडळाच्या सचिव वहिनी शाल-नारळाचं तबक घेऊन अर्ध्या वाटेत आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. त्याने काकांच्या हातातून माईक घेतला. हिसकावला नाही, मैदानावर चेंडू काढून घ्यायचा तसा अलगद काढून घेतला.

तो इंग्रजीत बोलला. एक एक वाक्य झालं की थांबायचा, आणि मी मराठीत सांगायची.

"मी राष्ट्रीय संघाकडून कधीही खेळलो नाही. एकोणीस वर्षांखालच्या संघाच्या शिबिराला एकदा बोलावलं होतं. चार दिवस. पाचव्या दिवशी घरी पाठवलं. माझ्या आईने त्यासाठी नवी बॅग घेतली होती. ती बॅग अजून वापरतो. सोळा वर्षं खेळलो. गोल एकही नाही. एक आहे, तो आमच्याच संघाविरुद्ध."

काका छताकडे पाहत होते. तेवढ्यात मागून एक एसी मेकॅनिक ओरडला, "अहो ताई, त्यांना सांगा, बचाव करणाऱ्याला कोण विचारतो? एसी चालू असला तर आमचं तरी नाव कोण घेतो? बंद पडला की मग शिव्या!"

मागच्या रांगा हसल्या, शिट्ट्या वाजल्या. मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि मेकॅनिकच्या दिशेने हात उंचावला. वहिनींनी संधी साधून तबक पुढे केलं.

कार्यक्रमानंतर अकादमीच्या प्रमुखांनी त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "इंशाल्ला." इथे इंशाल्लाचा अर्थ हो, नाही, उद्या आणि कधीच नाही यांपैकी काहीही होऊ शकतो. दोन आठवडे तेवढ्यावरच गेले. मी रोज चिडत होते. त्यांना पत्र लिहू, मी मसुदा करते, असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "चार पानांचा?"

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्याला बोलावलं आणि नोकरी दिली. दिली तेव्हा सांगितलं, की त्यांनी त्याची कारकीर्द मोबाईलवर आधीच पाहिली होती. राष्ट्रीय संघाच्या रकान्यात काही नव्हतं. स्टेजवरून ते शब्द ऐकल्यावर ते निघून जाणारच होते. तेवढ्यात तो उठला.

मुलीची पाचवी शाळा टळली. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण महिन्याने मंडळाचा छापील अहवाल आला. पान सहा: 'पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचे खेळाडू यांचा सत्कार. मंडळाच्या प्रयत्नांमुळे त्यांना प्रशिक्षकपदाची संधी मिळाली.'

मी काकांना फोन केला.

"अगं, मजकूर घाईघाईत प्रेसला गेला. आणि एक ओळ आहे, कोण वाचतंय?"

"कोणी वाचत नाही, तर छापलीत कशाला?"

"यल्ला, चल, सोड आता. काम झालं ना त्याचं?"

"ते तुमच्यामुळे नाही झालं, काका. तुमच्यामुळे जवळजवळ गेलं होतं."

मग ते म्हणाले, "प्रती अजून वाटायच्या आहेत. कपाटात आहेत. किल्ली वहिनींकडे."

ते माफीच्या सगळ्यात जवळ आले ते इतकंच. मी शनिवारी किल्ली आणली. आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक लिहिलं, मथळ्याशिवाय, तीन ओळींचं: 'पान सहावरील मजकूर चुकीचा आहे. पाहुणे राष्ट्रीय संघाकडून खेळलेले नाहीत. ते सोळा वर्षं बचावपटू होते आणि त्यांनी एकही गोल केला नाही.' प्रत्येक प्रतीत पान सहावर एक एक चिकटवलं. डिंकाने बोटं चिकट झाली आणि दुपार गेली. काकांनी केलेली घाण मी निस्तरायची, याचा संताप शेवटच्या प्रतीपर्यंत टिकला.

पहिली प्रत न्यायला तोच एसी मेकॅनिक आला. त्याने उभ्याउभ्या पान सहा उघडलं, चिठ्ठी वाचली, तिच्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"ताई, निघणार तर नाही ना ही?"

"नाही."

"मग बरं," तो म्हणाला, आणि उरलेल्यातला अर्धा गठ्ठा कामगारांच्या कॅम्पवर वाटायला घेऊन गेला.