अर्ध्या बोटाचा फरक

तीस वर्षं थोरला गिऱ्हाइकांना एकच वाक्य सांगत आला होता, "मान खाली." मागचे केस कापायचे तर मान खाली घ्यावीच लागते, आणि आपण होऊन मान खाली घालायला कुणालाच आवडत नाही, म्हणून सांगावं लागायचं, कधी दोन बोटांनी डोकं हलकेच दाबावं लागायचं. हल्ली मात्र त्याचा सगळा दिवस उलट्या वाक्यात जात होता. "मान वर. साहेब, मान वर. अहो, मान..." गळ्याभोवती कापड बांधून होतंय न होतंय तोच कापडाखालून हात बाहेर यायचा, हातात फोन, आणि पोटावर काही लिहिलेलं असावं तसं डोकं खाली.

मागचे केस कापून झाले की कड काढायला मान सरळ लागते, कारण मान वाकली की मागची कातडी ताणली जाते. त्या ताणलेल्या कातडीवर सरळ कड काढली, तर माणूस उठून उभा राहिला की ती कड वर-खाली होते. हे थोरल्याने किती जणांना समजावलं असेल! समजावून उपयोग नव्हता, कारण कानात ती पांढरी बोंडं असायची. ती काढा म्हणावं तर ऐकू जात नाही, आणि ऐकू जात नाही कारण ती काढलेली नाहीत. एकदा त्यातलं एक बोंड गळून पडलं आणि कापलेल्या केसांत गेलं. दुकानातली सगळी माणसं गुडघ्यांवर बसून ते शोधत होती आणि ते केसांच्या ढिगात खुशाल गात होतं.

दुकान दोघा भावांचं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, रस्त्याकडे उघडणारं काचेचं दार. धाकट्याला नव्या यंत्रांचा भारी सोस. त्याने भिंतीवर एक डबा बसवला होता, त्याला "पंखा लाव" म्हटलं की पंखा लागायचा. हाताच्या अंतरावर बटण असताना भिंतीशी बोलणारा माणूस थोरल्याला पूर्वी सरळ वेडा वाटला असता. शिवाय कुणी जोरात शिंकलं की तो पंखा बंद पडायचा. परवा तर धाकट्याने केस कापायचं नवं मशीन आणलं आणि ते फोनला जोडत बसला.

"ह्याचं ॲप आहे, दादा."

"कशाला?"

"किती केस कापले ते कळतं."

"खाली पडलेले दिसतात की रे!"

थोरल्याचं स्पष्ट मत होतं. ज्याला चार्ज करावं लागतं ते अवजार नव्हे, तो घरजावई. रोज त्याचं खाणंपिणं बघा, आणि ऐन कामाच्या वेळी तो आडवा. त्याची कात्री सतरा वर्षांची होती आणि धार लावण्यापलीकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं.

शेवटी वैतागून त्याने आपल्या खुर्चीवर पाटी लावली : 'येथे बसून फोन पाहू नये.' आठवडाभरात सगळी गिऱ्हाइकं धाकट्याकडे. तिकडे चार माणसं बाकावर खोळंबलेली आणि इकडे खुर्ची मोकळी, तरी कुणी उठून येईना. "आम्ही थांबतो, काका, आम्हाला घाई नाही," असं फोनमधून डोकं वर न काढता सांगायचे. धाकट्याने दोन आठवडे वाट पाहिली आणि मग अगदी मऊ आवाजात विषय काढला.

"दादा, पाठ रगडणारी खुर्ची मिळते आता. आपोआप रगडते. तुझी खुर्ची अशीही रिकामीच असते..."

दुसऱ्या दिवशी थोरला फोन अडकवायचा एक स्टँड घेऊन आला आणि आरशाखालच्या फळीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल असा, स्वतःच्या हाताने खिळे ठोकून बसवला. ठोकताना जे काही पुटपुटला ते लिहिण्यासारखं नाही. पण शक्कल मात्र नामी निघाली. फोन समोर म्हटल्यावर मान सरळ. इतकी सरळ, की शाळेत छडी घेऊन उभं राहिलं तरी कुणी तशी ठेवली नसती. गिऱ्हाइकं परत आली, खुर्ची वाचली, धाकट्याने पाठ थोपटली.

आणि थोरल्याचा खरा त्रास तिथून सुरू झाला. फोन आला तो आरशाच्या बरोबर मध्ये. आता कुणी स्वतःकडे बघेचना. काम झालं की तो कापड झटकून विचारायचा, "कसं झालंय?" आणि फोनकडे बघत उत्तर यायचं, "एक नंबर." न बघता एक नंबर! पूर्वीची माणसं किती छळायची. इकडून जरा कमी करा, तिकडून जास्त झालं, मागच्या वेळी बरं होतं. तेव्हा त्यांचा राग यायचा. आता वाटायचं, एकाने तरी खोट काढावी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहून पोटऱ्या भरून येतात, ते कशासाठी? मडक्याचे केस कापले असते तरी चाललं असतं. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली, आणि लागलेलं बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण ऐकणाऱ्याच्या कानात बोंडं.

अशा मनःस्थितीत तो मंगळवारी औषधवाल्याचे केस कापत होता. औषधवाला समोरच्याच दुकानातला, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, भला माणूस. पण त्या दिवशी तो फोनमध्ये बघत काय होता, तर दुसऱ्या एका फोनचं कौतुक. एक मनुष्य हातात नवा फोन धरून तो उन्हात कसा दिसतो, सावलीत कसा दिसतो, पाठीमागून कसा दिसतो हे सांगत होता, आणि औषधवाला समोर मुलगी दाखवायला आणल्यासारखं बघत होता. थोरल्याच्या डोक्यात सणक गेली. त्याने उजवा कल्ला नेहमीसारखा कापला आणि डावा चांगला अर्धं बोट लांब ठेवला. मुद्दाम. बघू दे, म्हणाला, ह्याला तरी दिसतंय का.

"कसं झालंय?"

"एक नंबर, काका." फोन उचलून औषधवाला गेला.

थोरल्याला वाटलं, येईल तासाभरात परत, चिडलेला. मनातल्या मनात त्याने उत्तरही तयार ठेवलं : बघत नाही ना, मग भोगा. पण तास गेला, दिवस गेला. काचेच्या दारातून समोरचं दुकान लख्ख दिसायचं. औषधवाला गोळ्या मोजून देतोय, लोक घेतायत, आणि डाव्या कानाखाली तो कल्ला लोंबतोय. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर वर केली की समोर तोच. बुधवारी थोरल्याचं जेवण नीट गेलं नाही. आपल्या हातचं वाकडं काम असं भर रस्त्यात उभं, आणि तेही आपणच जाणूनबुजून केलेलं! गुरुवारी दुपारी हातातलं डोकं अर्धं टाकून त्याने कात्री-कंगवा उचलला. "अरे दादा, इकडे गिऱ्हाईक बसलंय," असं धाकटा ओरडत राहिला आणि थोरला रस्ता ओलांडून गेलासुद्धा.

औषधवाला दुकानातल्या दिव्याखाली उभा राहून फोनने स्वतःचेच फोटो काढत होता. एक डावीकडून, एक उजवीकडून.

"बरे आलात, काका," तो म्हणाला. "ह्या कॅमेऱ्याचं काय करावं सांगा. परवा बायकोला फोटो पाठवला तर म्हणाली, तोंड वाकडं दिसतंय. दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणतो कॅमेऱ्यात काही दोष नाही. ह्या लोकांना काय कळतंय? आता नवाच फोन मागवलाय. उद्या येईल."

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, नवा फोन कशाला? आरशात का नाही बघितलं?"

"बघितलं की."

"मग?"

"आरशातही वाकडंच दिसलं." औषधवाल्याने आवाज जरा खाली आणला. "मग म्हटलं, माझाच डावा कान खाली असणार. इतकी वर्षं कधी लक्षात आलं नाही, एवढंच. नव्या फोनमध्ये तोंड सरळ करून मिळतं म्हणे. केस तर तुम्ही कापलेत, काका, त्यात फरक कुठून येणार? मी काय, तुमच्या खुर्चीत बसलो की निर्धास्त असतो. बघायचंसुद्धा काम नाही."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडापर्यंत आलेलं ते तयार उत्तर त्याने गिळून टाकलं. पुढे होऊन त्याने औषधवाल्याची हनुवटी धरली, आणि खोकल्याचं औषध मागायला आलेल्या एका बाईच्या देखत, कात्री दोनदा चालवून तो कल्ला उजव्याच्या बरोबरीला आणला.

"तो नवा फोन नको म्हणून कळवा," तो म्हणाला. "कान ठीक आहे तुमचा. तो कल्ला मी लांब ठेवला होता. मुद्दाम ठेवला होता."

औषधवाला मोठ्याने हसला. "काय चेष्टा करता, काका," म्हणाला आणि बाईला बाटली काढून द्यायला वळला.