साडूच्या गाडीचे ब्रेक

दोन साडू, त्यांचा एक सासरा आणि मध्ये एक गॅरेज, एवढं सामान असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. चौक गावात हमरस्त्यावर हसनचाचांच्या गॅरेजमागे भंगार साचतं, तसे ते आपोआप साचतात. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझी चौकला भातगिरणी, माझा साडू अनंता याची कर्जतला लाकडाची वखार. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, दहिवलीच्या. अनंताने भंगारातली एक जुनी विलायती गाडी आणून हसनचाचांकडून नव्याने उभी करून घेतली. मग मीही तशीच आणली. त्याची निळी, माझी पांढरी. आता लपवायचं काय, मला तो माणूस बघवत नसे.

* * *

गाड्या सारख्या झाल्या, इथवर ठीक होतं. मग अनंताने मुंबईहून, मोडीत निघालेल्या एका गाडीचे डिस्क ब्रेक आणले. तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचे साधे ड्रमचे ब्रेक. डिस्कच्या चकत्या लोकांना दिसाव्यात म्हणून त्याने चाकांच्या टोप्यासुद्धा काढून ठेवल्या!

पहिल्याच रविवारी सासऱ्यांना शेजारी बसवून तो माझ्या गिरणीवर आला आणि दारात असा ब्रेक मारला की सासऱ्यांची टोपी समोरच्या काचेवर आपटली. मी असं केलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या. इथे सासरे टोपी झटकत मला म्हणाले, "जावईबापू, ब्रेक म्हंजे ह्यो. तुमची गाडी थांबंपर्यंत मानूस उतरून घरी जातो."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी मी हसनचाचांना गाठलं. "मला अनंतापेक्षा भारी ब्रेक पाहिजेत."

"उतारावर गाडी थांबत नाय?"

"थांबते."

"पावसात घसरते?"

"नाही."

"मग ब्रेक गाडीला पायजेत का साडूला?"

तरी गिऱ्हाईक सोडणारा माणूस तो नव्हे. डिस्क काही मिळेनात, म्हणून एका मोठ्या गाडीचे रुंद ड्रम आणि वर एक बूस्टर, असा बेत ठरला. बूस्टर म्हणजे पाय नुसता टेकवायचा, जोर तो लावणार.

* * *

अनंताच्या गाडीत बसलं की सासूबाईंना मळमळायचं. माझे नवे ब्रेक बसल्यावर एकदा त्या मांडीवर ताकाचं भांडं घेऊन माझ्या गाडीतून दहिवलीहून चौकला आल्या. उतरल्या आणि म्हणाल्या, "पोटातलं पानी हललं नाय गं!"

माझ्या बायकोने हे वाक्य त्याच आठवड्यात आपल्या ताईच्या, म्हणजे अनंताच्या बायकोच्या, कानावर घातलं, वर थोडं तिखटमीठही लावलं. मला मात्र त्याचं काही वाटलं नाही. सासूबाई सगळ्यांनाच चांगलं म्हणायच्या. मला ऐकायचं होतं ते सासऱ्यांकडून, आणि सासरे अजून निळ्या गाडीतच बसत होते.

* * *

अशात धाकट्या मेहुणीचं, सुमनचं लग्न ठरलं. लग्न लोधिवलीला, मुलाच्या घरी. नवरी कोणाच्या गाडीतून जाणार? सासऱ्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "जिचे ब्रेक चांगले, तिच्यात पोरगी बसंल."

म्हणजे निळी. माझी झोप उडाली. चाचांना म्हटलं, "कुठूनही आणा, पण मला डिस्कच पाहिजेत."

"मिळतील. नवे नाय, पन चालू माल."

अनंताच्या गाडीला ते बसवताना चाचा आठवडाभर कानस मारत होते. माझ्या गाडीला दुपारच्या चहाआधी बसले. "नशीब तुमचं," चाचा म्हणाले. माझे ड्रम आणि बूस्टर त्यांनी ठेवून घेतले. बायकोला मी सांगितलं, नवे कोरे आहेत, थेट मुंबईहून.

* * *

लग्नाच्या सकाळी चाकांच्या टोप्या काढून मी ऐटीत दहिवलीला पोचलो. निळी गाडी मांडवाशी आधीच उभी. तिच्या चाकांना मात्र टोप्या होत्या.

अनंता माझ्या चाकाशी वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"साडूभाऊ, हे तर माझे."

"मग तुमच्या गाडीत?"

तो मांडवाकडे बघत हळूच म्हणाला, "तुमचे असणार. पोटातलं पानी हलत नाय म्हणे तुमच्या गाडीत. हे ऐकवून ऐकवून हिनं जीव खाल्ला माझा. चाचांना म्हटलं, तसलेच बसवा."

लग्नाला आलेले हसनचाचा निळ्या गाडीला हार बांधण्यात एकदम गढून गेले.

आता मी एवढंच म्हणायचं होतं, की चांगले ब्रेक माझ्या गाडीत आहेत. पण पलीकडेच माझी बायको चार जणींना सांगत होती, "नवे कोरे, थेट मुंबईहून!" साडूचे उतरवलेले ब्रेक मी वापरतो, हे भर मांडवात कोणत्या तोंडाने सांगू? अनंताचीही तीच गत.

सासऱ्यांनी सुमनला हाताला धरून थेट निळ्या गाडीत बसवलं आणि स्वतः पुढे बसले. माझ्या गाडीत रुखवताची भांडी भरली.

अनंताच्या पायाला डिस्कची सवय. त्या ड्रमांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता आणि मागे नवरी बसलेली. तो बैलगाडीच्या चालीने निघाला. कर्जतभरात नसतील असे ब्रेक घेऊन मी त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये, भांडी वाजवत.

चौकला सासऱ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला ओरडून सांगितलं, "जावईबापू, शिका जरा! ब्रेकांवर भरोसा असला की मानूस कसा निवांत चालवतो, बघा!"