पाटाला चाकं

माझ्या साडूंइतका उताराचा भुकेला माणूस सबंध विदर्भात दुसरा झाला नसेल, आणि दैवानं नेमकं त्यांनाच नागपुरासारख्या सपाट गावात जन्मभर नोकरीला ठेवलं. आपण कुणाला पत्ता सांगतो तो देवळावरून, शाळेवरून, नाहीतर पानठेल्यावरून. साडूभाऊ सांगतात तो चढउतारावरून. अमक्या चौकातून सायकलीचं पायडल मारू नका, ती आपोआप चालते, जिथं थांबते तिथलं डाव्या हाताचं घर. या पत्त्यावर भरवसा ठेवून मी एकदा त्यांच्या मित्राकडे निघालो, तो एका म्हशींच्या गोठ्याशी जाऊन थांबलो. संध्याकाळी जाब विचारला तर म्हणाले, पत्ता बरोबरच होता, पण तो साधारण माणसाच्या वजनाचा होता. कुणाचं नवं घर बघायला गेले की लोक देवघराचं, स्वयंपाकघराचं कौतुक करतात. हे थेट न्हाणीघरात शिरतात, तांब्याभर पाणी ओततात, ते मोरीकडे कसं जातं हे ओणवं होऊन बघतात आणि बाहेर येऊन यजमानांना सांगतात की घर चांगलं आहे.

माझे हे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या टेबलाशी त्यांची हयात गेली. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असेल किंवा नसेल, पण फळी असायचीच. फळी म्हणजे मोडक्या फूटपट्टीचा बोटभर तुकडा आणि त्याखाली टाचण्यांच्या आसावर फिरणारी शर्टाची चार बटनं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तिच्यावर ठेवली की झाला माणूस उभा. मग हा दोन बोटांचा माणूस टेबलाच्या कडेवरून, खिडकीच्या चौकटीवरून, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवरून घरंगळत निघायचा. फळी उलटली तर साडूभाऊ बोटांवर हळूच फुंकर घालत. आमच्याकडच्या सत्यनारायणाला, साधुवाण्याची नौका बुडत होती नेमकी त्याच वेळी, ही फळी चौरंगाच्या कडेवरून वेगात आली आणि प्रसादाच्या शिऱ्यात रुतली. भटजींनी पोथीवर बोट ठेवलं, फळी निघेपर्यंत वाट बघितली आणि मग नौका वर काढली. एकदा ब्लेडनं त्यांचं मधलं बोट कापलं तेव्हा त्यांनी ऑफिसातून रजाच घेतली. नकाशा अंगठ्यानंही धरता आला असता, पण त्यांच्या मते फळीवरच्या गड्याचा एक पाय जायबंदी होता आणि त्याला घरी एकटं टाकून कामावर जाणं बरं दिसलं नसतं.

एका दिवाळीत सासुरवाडीला दुपारच्या जेवणानंतर मी आडवा झालो होतो. छातीकडून काहीतरी गुदगुल्या करत खाली जातंय असं वाटून डोळे उघडले, तर साडूभाऊ माझ्याशेजारी मांडी घालून बसलेले आणि फळी माझ्या पोटावरून उतरणीला लागलेली. "हलू नका गा साडूभाऊ," ते गंभीरपणे म्हणाले, "असा उतार नागपुरात कुठंच नाही." हा मी माझ्या शरीराला मिळालेला एकमेव सन्मान समजतो.

हे सगळं आलं कुठून, तर त्यांच्या लहानपणातून. त्यांचं बालपण वऱ्हाडातल्या एका गावी जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत गेलं. फॅक्टरीतून टाकून दिलेली बेरिंगं पोरं उचलून आणायची, फळकुटाखाली ठोकायची आणि त्या गाडीवर बसून नदीच्या उतारानं खर्रर्र करत खाली यायची. अशा गाड्या बऱ्याच गावांत होत्या. पण साडूभाऊ बसत नसत. ते फळीवर उभे राहत, हात पसरत आणि तसेच उभ्यानं नदीपर्यंत येत. ही हकीकत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की त्या नदीचं पाणी मला ओळख देईल. "सगळे पोट्टे बसून येत," एवढं म्हणून ते थांबतात. पुढचं आपण समजून घ्यायचं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांनी फुटाण्याची पुडी आणली. पुडीचा कागद कुठल्यातरी विलायती मासिकाचा, गुळगुळीत. त्यावर एका सोनेरी केसांच्या पोराचा फोटो होता. चाकं लावलेल्या फळीवर पोरगा उभा, हात पसरलेले, मागे समुद्र. साडूभाऊंनी फुटाणे तसेच वाटीत ओतून दिले आणि कागद घेऊन माझ्या घरी आले. "ही तं माही फळी आहे," ते म्हणाले. समुद्र सोडून बाकी सगळं आपल्या गल्लीतून गेलेलं आहे, असं त्यांचं ठाम मत पडलं. त्या दिवसापासून दोन बोटांवर त्यांचं भागेना.

वय पंचेचाळीस, गुडघे जिना चढताना करकरणारे, मुलगी कॉलेजात. अशा स्थितीत त्यांनी फळीसाठी लाकूड शोधायला सुरुवात केली. बाजारातलं एकही पसंत पडेना. एक ओलं, एक गाठीचं, एकाला वाळवी. अखेर मनासारखं, मुरलेलं, सरळ रेषांचं सागवान सापडलं ते घरातच. आमच्या सासऱ्यांनी दोन्ही जावयांना लग्नात एकसारखे पाट दिले होते, कोपऱ्यांवर पितळी फुलं बसवलेले. माझा फार पूर्वीच मधोमध चिरला, त्याची कारणं उघड आहेत. साडूंचा मात्र जसाच्या तसा होता. त्यांनी त्याचे पाय काढले, हिंगण्याच्या एका लेथवाल्याकडून आस करून घेतले, बेरिंगं बसवली आणि एका रविवारी ताटं वाढायच्या वेळी ताई बघते तो तिच्या बापानं दिलेला पाट आपण होऊन स्वयंपाकघरात चालत येतो आहे.

ताई आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. "बापानं बसाले देला होता, नाचाले नाही," एवढं म्हणाली आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. भात झाल्याची बातमी ती स्टोव्हला द्यायची, दूधवाल्याचा निरोप तुळशीला सांगायची, आणि साडूभाऊंनी तो आजूबाजूनं ऐकायचा. ते अंगणात दोरीला धरून पाटावर तोल साधायला लागले की ही दाराकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसायची. दोन आठवडे गेले. साडूभाऊंचं जेवण कमी झालं, बोटंसुद्धा मरगळली. शेवटी माझ्या बायकोनं, तुम्ही एकदा तरी मोठ्या माणसासारखे वागा, असं सांगून मला समेटासाठी पाठवलं.

मी त्यांना म्हटलं, पाटाला परत पाय बसवा आणि मोकळे व्हा.

"साडूभाऊ, अख्ख्या गावानं मले उभं पाह्यलं," ते म्हणाले, "फक्त हिनंच नाही पाह्यलं. ऑफिसात बसलेला, बसमधी बसलेला, घरी बसलेला, हिच्या वाट्याले हाच माणूस आला. लग्नात पाटावर उभा होतो, तं मधात अंतरपाट. अंतरपाट काढला, तं हिची मान खाली. एक डाव पाहू द्या हिले. मग लावा पाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि ताईला सगळं शब्दशः सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. एक पोळी तिनं गरजेपेक्षा बरीच जास्त लाटली. मग म्हणाली, "भाऊजी, त्यांले सांगा, पडले तं मी उचलणार नाही." ती येणार हे मला यावरून कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं सेमिनरी हिलवर गेलो. तिथून तलावाकडे उतरणारा रस्ता हाच काय तो नागपूरनं साडूभाऊंवर केलेला उपकार. ऊन कोवळं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. ताई खाली झाडाजवळ पदर खोचून उभी राहिली. मला मधे उभं केलं, गरज पडल्यास अडवायला. या कामासाठी माझी निवड सगळ्यांनाच योग्य वाटली. साडूभाऊ वर गेले, पाट ठेवला, चपला काढल्या, पाटाला नमस्कार केला आणि चढले. पाट खरखरत निघाला. ते उभे होते, जरा वाकलेले पण उभे. माझ्याजवळ येता येता ते एकदम खाली बसले आणि पंगतीतल्या जावयासारखे मांडी घालून माझ्यासमोरून निघून गेले.

मी धापा टाकत खाली पोहोचलो आणि, जमत होतं की हो, मधेच का बसलात, असं विचारलं.

"तिनं डोळे मिटले गा," ते म्हणाले. "पाहणारंच नाही तं उभं काहून राहू?"

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. तिचा अबोला तिथं सुटला, पण ती काही गोड बोलली असं नाही. "बसून तं कोणीबी येते," ती म्हणाली. "जा वर. आता नाही मिटत."

ते पाट बगलेत धरून पुन्हा चढू लागले. या वेळी गुडघ्यावर हात ठेवून, थांबत थांबत. मी माझ्या जागी परतलो. वर ते अगदी लहान दिसत होते. त्यांनी हात पसरले. पाटाचा आवाज सुरू झाला, मग वाढला, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वाढला, आणि इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. मी डोळे मिटले. आवाज अंगावर आला, विजारीला वारा लागला, आवाज पुढं गेला, बारीक झाला. डोळे उघडले तेव्हा साडूभाऊ खाली गवतात उभे होते आणि ताई त्यांच्या बाहीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होती. परत येताना पाट मी उचलला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो रस्ता वाहता झाला, साडूभाऊ निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी त्यांना आरामखुर्ची लावून दिली. घरात चार पाहुणे जमले की ही हकीकत मलाच सांगायला लावतात, कारण साक्षीदार मी. मी रंगवून सांगतो, पण नेमकी ती दुसरी खेप आली की माझ्याजवळ नुसता आवाज असतो. परवा एका नव्या जावयानं विचारलंच, उभे राहिलेले दिसत कसे होते? मी ताईकडे बघितलं. साडूभाऊ खुर्चीत डुलकी घेत होते. हनुवटी छातीवर टेकलेली, चष्मा नाकावरून घसरलेला. ताईनं तो अलगद काढून घेतला, पदरानं पुसला आणि त्यांच्याकडे बघतच सांगितलं, "उंच दिसत होते."