मंदाताई आणि झिजलेली नोझलं

फोन आला तेव्हा मी जासईच्या कंटेनर यार्डात दुरुस्तीसाठी आमच्या ट्रेलरखाली आडवा झालो होतो. भाऊजी एवढंच म्हणाले, "मंदा गेली रे..." वर्षभराचं आजारपण होतं, मनाची तयारी झालीय असं वाटत होतं. तरी मी पाना हातात धरून तिथेच पडून राहिलो. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

माझी ही थोरली बहीण डिझेल इंजिनातल्या इंधनाच्या फवाऱ्याचा अभ्यास करायची. त्यात अभ्यासण्यासारखं काय, असं कुणी विचारलं की ती खुलायची. "डिझेल नुसतं ओतलं तर नीट जळत नाही. नोझलच्या केसाएवढ्या भोकातून प्रचंड दाबाने उडवलं की त्याचं धुकं होतं आणि मग ते पेटतं. थेंब जाड राहिले की काळा धूर."

आम्ही तळवलीचे. शेतजमीन सरकारने शहरासाठी घेतल्यावर बाबांनी डंपर घेतला. शाळेत असताना ताई एकदा त्यांच्याबरोबर नोझल तपासायच्या दुकानात गेली. मेकॅनिकने हातपंप दाबला, पांढरा फवारा उडाला आणि हिने हात पुढे केला. बाबा ओरडले, "लांब र्‍हा बाय, कातडीत घुसतंय ते!" घरी येईपर्यंत तिचा एकच प्रश्न, तेल कातडीत घुसेलच कसं? शेवटी बाबा म्हणाले, "मना नाय म्हाईत. तू शिक नि मना सांग."

ती शिकली. इंजिनीअर झाली, इथल्याच कॉलेजात शिकवू लागली आणि पीएचडीला विषय घेतला झिजलेल्या नोझलचा. एक कंपनी सगळा खर्च उचलायला तयार होती, पण अभ्यास फक्त नव्या नोझलवर करायचा अशी त्यांची अट. ताई म्हणाली, "सर, नवी नोझलं दुकानात असतात. रस्त्यावर झिजलेलीच धावतात." ते लोक चहा पिऊन निघून गेले, परत आले नाहीत.

मग तिने रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये उभं राहून, काचेची खिडकी असलेला जाड पोलादी डबा बनवून घेतला. आत इंजिनासारखा दाब, बाहेर फवाऱ्याचे फोटो काढायला वेगवान कॅमेरा. झिजलेली नोझलं पुरवायला मी होतोच! पहिल्याच चाचणीत काच तडकली. दुसरीही तडकली. गाईड म्हणाले, विषय बदला. त्या संध्याकाळी मी घाबरतच तिच्या घरी गेलो, तर ही स्वयंपाकघरात कुकरचं झाकण उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "हे झाकण बघ, सगळीकडून सारखं बसतं. काचेची चूक नाही रे. बोल्ट एका बाजूने जास्त आवळले जातायत. परत बसवते." तिसरी काच टिकली.

पहिले फोटो आले तेव्हा तिने बाबांना मुद्दाम कॉलेजात नेलं. स्क्रीनवर नव्या नोझलचा फवारा चारी बाजूंनी सारखा, भरगच्च. आमच्या ट्रेलरच्या नोझलचा मात्र एकीकडे कललेला, शेवटी टपटप गळणारा. बाबा डोळे बारीक करून बघत राहिले. "म्हंजे आपली गारी अशी खोकतं होय..." ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे त्याच कंपनीने आपल्या इंजिनीअरांना शिकवायला तिलाच बोलावलं. मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "अरे, आता ते झिजलेल्या नोझलचं विचारतायत. जायलाच पाहिजे." आणि गेली. मला तेव्हा राग आला होता. आज तिचा अभिमान वाटतो.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. ताईचा तो पोलादी डबा असलेली लॅब आता तिची विद्यार्थिनी स्नेहल सांभाळते. तिने आईला एक चाचणी बघायला आग्रहाने बोलावलं होतं. बाबा गेल्यापासून आई फारशी बाहेर पडत नाही, पण त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून ती तयार होती. लॅबमध्ये तिने डब्यावरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "माजी पोर कुठं बसायची?"

स्नेहल गोंधळली. "आजी, मॅडम इथे कधी बसल्याच नाहीत. चाचणी संपेपर्यंत खिडकीपाशी उभ्याच असायच्या." आणि तिने घाईघाईने आईसाठी खुर्ची पुढे केली.

आईने खुर्ची बाजूला सरकवली, पदर खोचला आणि त्या काचेसमोर जाऊन उभी राहिली.

"कर चालू," ती म्हणाली.