नव्याइतकीच

मिस्त्रींचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. ते एका दुकानात जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करायचे आणि मालकाने दिलेल्या कागदावर बघून प्रत्येकीच्या दांडीला इंग्रजी चिठ्ठी लिहून बांधायचे: ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज न्यू’. अकरा वर्षं हेच. अर्थ ‘बऱ्यापैकी’ असणार, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. विचारायला तोंड होतं की! पण नाही विचारलं.

त्या सकाळी लेकीने त्यांच्या खिशातली चिठ्ठी वाचली आणि ती हसली. “बाबा, ‘बऱ्यापैकी’ काय? ‘नव्याइतकीच चांगली’. तसूभरही कमी नाही. तसं असेल तरच लिहायचं.”

झालं! चहाचा कप हातातच राहिला. कालच एक खुर्ची गेली होती, उजवा ब्रेक झिजलेली. “बदलायला हवा,” असं ते मालकाला म्हणाले होते. “चालतंय हो, बांधा चिठ्ठी,” म्हणाला तो. आणि यांनी बांधली! खुर्ची नेली मास्तरांनी, बायकोसाठी. घर चढावरचं, दाराबाहेर थेट उतार.

मिस्त्री उठले, बसले, पुन्हा उठले. घरात पडलेला नवा ब्रेक पिशवीत टाकून निघाले, पाना विसरला म्हणून परत आले. चढ चढताना जीव नुसता टांगणीला. प्रत्येक वळणावर वरून खुर्ची गडगडत येईल असंच वाटत होतं. मेल्या अक्षरा, नको तिथे कसं रे सुरेख येतंस!

मास्तरांनी दार उघडलं. बाई आत, खिडकीपाशी, खुर्चीत. मिस्त्रींनी हुश्श केलं आणि धापा टाकत सगळं सांगून टाकलं. ब्रेक, मालक, चिठ्ठी, सगळं.

बाई म्हणाल्या, “दुसऱ्या दुकानात याहून चांगली होती. मीच म्हटलं, हीच घेऊ. इतकं नीट लिहिणारा माणूस खोटं लिहिणार नाही.”

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून त्यांनी ब्रेक बदलला, दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला. चिठ्ठी सोडून खिशात कोंबली.

“राहू द्या की,” बाई म्हणाल्या. “आता झाली ना नव्याइतकी?”

“नाही बाई. डावं चाक अजून जरा डुगडुगतंय.”

त्यांनी कोरी चिठ्ठी काढली आणि मराठीत लिहिलं, ‘दोन्ही ब्रेक धरतात.’ ती दांडीला बांधली. अकरा वर्षांत इतकं गचाळ अक्षर त्यांनी काढलं नव्हतं.