नसीमआपांचे पाच बोल्ट

नसीमआपांना स्वतःच्या कामाचं कौतुक करायला दुसरं माणूस लागत नसे. लेथवरून एखादा दांडा उतरला की त्या तो जुन्या फडक्यात गुंडाळून रस्ता ओलांडायच्या आणि समोरच्या टपरीच्या बाकावर चहा पीत बसलेल्या जीपवाल्यांच्या पुढ्यात ठेवायच्या. "देखा रे. असं काम सुरतमा बी व्हत नही." कुणी वाहवा केली तर ठीक, नाही केली तर तीही त्या स्वतःच करायच्या. अक्कलकुव्याच्या हमरस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये लेथ चालवणारी ही बाई गेल्या थंडीत वारली. तिच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण रडकं काही सुचत नाही. बाई तशी नव्हतीच.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या हौसेपायी. मी नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी. पंचेचाळिशीत मला दोन सीटची जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार घ्यायची अवदसा आठवली. लाल, बुटकी, जमिनीला टेकेल की काय अशी. बायको म्हणाली, "घरात आपण पाच जण. उरलेल्या तिघांना काय टपावर बसवणार?" मी तिच्यावरच डाफरलो. त्यातून गाडीची दोन चाकं तडकलेली. त्या गाडीला चाक चार बोल्टांवर बसतं आणि तसल्या मापाचं चाक मला कुठे मिळेना. बाजारात जी चांगली चाकं होती ती सगळी पाच बोल्टांची. शेवटी एका गॅरेजवाल्याने मधे जाडजूड चकत्या घालून चारही ठिकाणी पाच बोल्टांची चाकं कशीबशी अडकवून दिली. चाकं अंगाबाहेर आली. गुजरातेतून परत येताना अक्कलकुव्याच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली, टायर पत्र्याला घासून फाटला आणि मी घसपटत येऊन थांबलो तो नेमका आपांच्या दारात.

त्या बाहेर आल्या. साठीच्या, उंच, नाकावर नवऱ्याचा जुना चष्मा. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई गाडी शे का पंख पसारेल कोंबडी?"

टपरीवर हशा पिकला. मला राग आला, पण बाई खोटं काही बोलत नव्हती. त्यांनी फाटलेल्या टायरचं चाक काढलं, चकती बाजूला फेकली आणि आतला हब, म्हणजे ज्या गोल लोखंडावर चाक बसतं तो, बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, चकत्या नकोत, चार भोकांच्या शेजारी पाचवं पाडायलाही जागा नाही, नवीन भोक जुन्यात घुसेल. हबच नवे करायला हवेत, चारही, पाच बोल्टांचे. "तू देशी का माले हाई काम?"

हे विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली आला. मला कळेना. टपरीवरचं हसणंही थांबलं होतं.

त्याचं कारण मला तिथेच समजलं. सायसिंग नावाचा मोलगीच्या रस्त्यावर जीप चालवणारा एक जण चहाचा ग्लास ठेवून म्हणाला, "शेठ, आपा गिरणीना दांडा करतीस, पंपना शाफ्ट करतीस, एक नंबर. चाक मातर राहू द्या. चाकवर लोकेस्ना जीव ऱ्हास." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जीपमध्ये बाजाराच्या दिवशी टपावरसुद्धा माणसं असतात आणि देवगोईच्या घाटात चाक निघालं तर खाली दरी आहे. आपांचा नवरा होता तोवर चाकाची कामं या शेडमध्ये यायची. त्याच्या शेवटच्या वर्षांत त्याला दिसायचं नाही, तेव्हाही ती कामं आपाच करायच्या. तो नुसता खुर्चीवर बसलेला असायचा. तो गेला आणि चाकं यायची बंद झाली. हात तेच होते, पण खुर्ची रिकामी होती.

"मन्हा हातना दांडा तुटना नही कधी," आपा मला म्हणाल्या, "तरी माले चाक कोणी देत नही. माले लागस ते, भाऊ." मनाला लागतं, असं त्या सरळ बोलल्या. मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. धाडस म्हणून नव्हे. दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं.

घाटात मोडलेल्या ट्रकांचे एक्सल त्यांच्या शेडमागे पडलेले असत. त्याच घडीव पोलादातून त्यांनी हब कातायला घेतले. नव्या चाकाच्या भोकांवर ग्रीस लावून पत्र्यावर ठसा घेतला, तो कंपासने तपासला, पुन्हा घेतला. चार भाग कुणीही करतो, पाच करताना भल्याभल्यांची फजिती होते, हे त्यांनी मला इतकं ऐकवलं की मी चहाला पळायचो.

पहिला हब बसवायला गेलो आणि घोळ झाला. ब्रेकची डिस्क आपल्या जागी येईना, एका बाजूला सरकून अडकायची. आपांनी हब काढला, हातात घेऊन बघत राहिल्या. मग चक्क तो घेऊन रस्ता ओलांडला आणि बाकावर ठेवला. मी मागोमाग. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चूक मन्ही शे. इन्ही गाडीमा दोन माणसे बठतस. मी मनमा वीस बसाडेल व्हतात."

जन्मभर या रस्त्यावरच्या जीपचं वजन डोक्यात. हात आपोआप जाड राखत गेला होता. कुणीतरी फिसकन हसलं. सायसिंग हसला नाही. त्याने तो जाड हब उचलून हातात तोलला आणि परत ठेवला. मी मात्र वैतागलो, म्हटलं, झालं, आता गाडी कोंबडीच राहणार. आपा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड नको पाडू. भंगारमा एक्सल अजून पडेल शेतस."

दुसऱ्या खेपेला चारही हब असे बसले की चाक पत्र्याच्या आत, जिथल्या तिथे. डिस्क सरळ फिरली. आपांनी नट आवळले, हात पुसले आणि माझ्याशेजारच्या सीटवर येऊन बसल्या. "चाल देवगोईले."

घाटात मी बैलगाडीसारखा चालवत होतो. मागून सायसिंगची रिकामी जीप येत होती. तो काय बघायला निघाला होता ते सांगायची गरज नव्हती. पहिल्या वळणानंतर आपांनी डोक्यावरची ओढणी घट्ट केली. "दाब. डरू नको. मी बठेल शे ना." मी दाबली. काय सांगू, गाडीने ते वळण असं घेतलं की माझ्या तोंडून आवाज निघाला. पुढचं, त्याच्या पुढचं, खड्ड्यांतून, उखडलेल्या डांबरावरून, स्टीअरिंग हातात मुकाट. आपा मोठमोठ्याने हसत होत्या. माथ्यावर थांबलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते वाऱ्याचं आहे असं त्यांनी मला बजावलं.

उतरून परत आल्यावर सायसिंगने स्वतः पाना मागितला. चारही चाकांचा एकेक नट तपासला. एकही जागचा हलला नव्हता. पाना पुसून ठेवला आणि निघून गेला. आपा त्या दिवशी टपरीवर गेल्या नाहीत. शेडमध्येच स्टुलावर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "तो बी माले चाक देत नही, देख."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मिरचीच्या कामाने अक्कलकुव्यात होतो. सायसिंगची जीप आपांच्या शेडसमोर उभी. "आपा, मन्हा जीपनं पुढलं चाक वाजस," तो म्हणत होता, "जरा देखा ना." आपांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "चाय पी. मंग देखसू." दुपारपर्यंत त्यांनी हब काढला, चाकाची झिजलेली बैठक वेल्डिंगने भरून पुन्हा कातली, नवे बोल्ट घातले, चाक चढवलं. त्या चाकावर तर त्यांच्या मनातले वीस जण खरोखरच बसणार होते.

जीप सुरू झाली. लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन चढायला धावले, पण सायसिंगने हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं. कडुनिंबाखाली त्याची म्हातारी आई बसली होती. तिला त्याने दंडाला धरून आणलं आणि त्या चाकाच्या वरच्या, पुढच्या सीटवर सगळ्यांत आधी बसवलं.